औषध मारण्याआधी पान उलटून पाहा

परसातल्या लिंबाची पाने पिवळी पडू लागली की आपल्याकडे काय होते? दोन पाने तोडून खिशात घालायची, बाजारच्या दिवशी कृषी सेवा केंद्रात जायचे आणि पान काउंटरवर ठेवून म्हणायचे, "याला काहीतरी द्या." दुकानदाराने झाड पाहिलेले नसते. झाडाच्या बुडाशी मोरीचे पाणी जाते की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पान तर तोवर खिशात चुरगळून गेलेले असते. तो आपला कपाटातली एक बाटली काढून देतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे बाजाराला जायचाही कंटाळा करून, कपाशीला मारलेल्या औषधाचे पंपात उरलेले पाणी घरी येता येता मिरचीच्या वाफ्यावर मारून मोकळे होणे. "उरलंच आहे, वाया कशाला घालवायचं?" हा त्यामागचा हिशेब.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा हिशेब चुकीचा आहे. शेतातला माल तोडणीच्या दिवशी तोडला जातो. परसातली मिरची सकाळी तोडली की दुपारी तिचा ठेचा होतो. कोथिंबीर तर फोडणी तडतडत असताना खुडून आणतात. औषधाच्या बाटलीवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत हे छापलेले असते, पण परसात ते दिवस कोण मोजणार? पोरे पेरू धुतात का? कोंबड्या वाफ्यातच चरत असतात. म्हणून शेताची औषधे परसात आणूच नयेत.

मोनोक्रोटोफॉसचे नाव आपल्या भागात कोणाला सांगायला नको. भाजीपाल्यावर ते वापरण्यास केंद्र सरकारने २००५ सालीच मनाई केली. तरी "वांग्यावर मोनो मारलं की अळी राहत नाही" असे सांगणारी मंडळी त्यानंतर कितीतरी वर्षे भेटत राहिली. पुढे २०२३ मध्ये त्याच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावरच बंदी आली. जुनी अर्धी बाटली कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या माळ्यावर अजून पडलेली असेल, तर ती आजच पोरांच्या हाती लागणार नाही अशी कुलुपात ठेवावी आणि तिचे काय करायचे ते कृषी खात्याला विचारावे. ओढ्यात ओतू नये. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत त्या स्वयंपाकाच्या तेलात हेच औषध सापडले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करता करता शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते तर आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

आता तुम्ही म्हणाल, औषध नको तर झाड मरू द्यायचं का? नाही. पण आधी झाडाला झालंय काय ते तरी बघा. परसातल्या दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा पाण्याच्या, उन्हाच्या नाहीतर मातीच्या निघतात. त्यांना बाटलीतले कोणतेच औषध लागू पडत नाही.

बघायचे कसे?

सगळ्यात आधी बोट मातीत घालावे. झाड मलूल दिसले की आपला पहिला विचार पाण्याचा, आणि बादली ओतली जाते. पण पाणी कमी पडले तरी झाड माना टाकते आणि पाणी जास्त झाले तरी टाकते. दुपारी माना टाकून संध्याकाळी पुन्हा उभे राहिले, तर तो उन्हाचा ताण आहे, आजार नव्हे. सकाळी सकाळीच झाड मलूल असेल तर मुळाशी काहीतरी बिघडले आहे. खुरप्याने चार बोटे खोल उकरावे. माती ओली, वास आंबूस आणि मुळे तपकिरी मऊ झालेली दिसली, तर पाणी तोडावे, आळे मोकळे करावे, चर काढून द्यावा. एवढेच औषध.

वांगे, टोमॅटो, मिरची यांचे हिरवेगार झाड दोन-चार दिवसांत एकाएकी वाळले, तर एक सोपी परीक्षा करता येते. झाड उपटून बुंध्याचा वीतभर तुकडा कापावा आणि कापलेले टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरून ठेवावे. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागले, तर ती जिवाणूंची मर आहे. त्यावर इलाज नाही. झाड मुळासकट काढून जाळावे आणि त्या जागेवर पुढची दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काही लावू नये. मका किंवा कांदा लावावा. धागे निघाले नाहीत तर मुळे धुऊन बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमीचा संशय घ्यावा. मात्र चवळी-घेवड्याच्या मुळांवर गाठी दिसल्या म्हणून घाबरू नका. त्या नत्राच्या गाठी असतात, नखाने टोकरल्या की अलग निघतात. सूत्रकृमीची गाठ निघत नाही, कारण तिथे मूळच सुजलेले असते. अशा वाफ्यात एक हंगाम दाट झेंडू लावावा, म्हणजे सूत्रकृमींची संख्या कमी होते.

दुसरी गोष्ट, पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या नव्या पानांवर, हे बघावे. एवढ्या एका गोष्टीवरून निम्मे निदान होते. जुनी पाने पिवळी आणि शेंडा हिरवा, तर झाडाला नत्र कमी पडते आहे. जुन्या पानांतले नत्र काढून झाड ते नव्या पानांना देत असते. चांगले कुजलेले शेणखत घालावे. दोन-चार जुनी पाने पिवळी होऊन गळाली तर तो झाडाचा नेमच आहे, तिकडे लक्ष देऊ नये.

नवी पाने पिवळी आणि त्यांवर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसली, तर लोह कमी पडते आहे. नवी पाने लहान, अरुंद, शिरांच्या मध्ये पिवळट डागांची झाली, तर जस्त कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत ही दोन्ही दुखणी लिंबाला हमखास होतात. गंमत अशी की लोह मातीत असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. म्हणून ते पानावरून द्यावे लागते. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना वस्त्रगाळ करून नव्या पालवीवर फवारावे. लोहासाठी याच मापाने हिराकस घ्यावे.

तिसरी गोष्ट, पान उलटावे. कीड वरून क्वचितच दिसते, ती पानाच्या पाठीला घर करते. पांढरी माशी, कोळी, मावा, तुडतुडे ही सगळी मंडळी तिथेच. पान उलटून उन्हाकडे धरा. जवळ एखादे भिंग असेल तर उत्तम, नसेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका. कागदावर बारीक ठिपके चालायला लागले की समजावे, किडीचा पत्ता लागला.

बोकड्या आला म्हणजे काय आले?

मिरचीची पाने आकसली की "बोकड्या आला" म्हणून आपण मोकळे होतो. पण पान कोणत्या बाजूला वळले ते पाहिलेत का? कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर ते फुलकिड्यांचे काम. कडा खाली वळून होडी पालथी पडली असेल तर कोळी. पाने बारीक, खडबडीत, गुच्छासारखी होऊन झाडाची वाढच थांबली असेल तर विषाणू शिरला आहे आणि तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला असतो. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क पुरे पडतो. कोळी हा कीटकच नव्हे, कोळ्याच्या जातीचा जीव आहे. त्यामुळे कीटकनाशकाचा त्याला फारसा त्रास होत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून त्याचे फावते. पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची संध्याकाळची फवारणी त्याला लागू पडते. ती फार कडक उन्हाळ्यात करू नये, पाने भाजतात. आणि विषाणू असेल तर झाड उपटावे. उपटताना जीव तुटतो हे खरे, पण ते एक झाड ठेवून बाकीच्या दहांना रोग लावण्यात शहाणपण नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणे आणि पपईच्या पानावर, फळावर कडी-कडीचे डाग येणे, हेही विषाणूचेच खेळ आहेत. तिथेही हाच नियम.

इथे उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. टोमॅटोची, भेंडीची पाने एकाएकी अरुंद होऊन दोरीसारखी लांबली, पिळवटली, तर विषाणू म्हणून झाड उपटण्याआधी शेजारच्या उसात तणनाशक मारले होते का ते विचारा. २,४-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याने उडून आले तरी असे होते. पंप नीट न धुता तोच परसात वापरला तरी होते. मार थोडका असेल तर पुढची पालवी चांगली येते. आम्हाला तर वाटते, घरापुरता दोन-तीन लिटरचा हातपंप वेगळाच असावा आणि त्यात निंबोळी अर्काशिवाय काही घालू नये. पाठीवरच्या पंपाच्या एका नोझलपायी नसता घोळ नको.

वेलांविषयी सर्वांत जास्त तक्रार येते ती "दुधी जळतो" ही. बोटाएवढे फळ पिवळे पडून गळते आणि घरधनी औषध शोधू लागतो. खरे पाहता बहुतेक वेळा त्या फळाला परागच मिळालेला नसतो. वेलावर नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, नराचा देठ नुसताच लांब. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नर फुलेच जास्त येतात. त्यांना वांझ फुले म्हणून वेल उपटणारेही पाहिले आहेत! पुढे मादी फुले आल्यावर मधमाश्या, पतंग फिरकले नाहीत तर फळ धरत नाही. लाल भोपळा, काकडी, कारली यांची फुले सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी. त्या वेळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. घरातली शाळकरी पोरे हे काम हौसेने करतात. औषध मारून मधमाश्या घालवल्या तर हे काम कायमचे आपल्याच अंगावर येते, हे लक्षात ठेवावे.

फळ मोठे होऊन वाकडे झाले, त्यावर टोचल्याचा डाग दिसला आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या निघाल्या, तर ती फळमाशी. अळी आत असते, वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत जाणार कसे? वेलवर्गासाठी क्यू ल्यूरचा आणि पेरू-आंब्यासाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगावा. दोन्हींची अदलाबदल करू नये. नाहीतर सापळा रिकामा राहतो आणि आपण सापळ्याला नावे ठेवतो. फळे लहान असतानाच जुन्या वर्तमानपत्राच्या पिशवीत बांधावीत (हे पान वाचून झाल्यावर वापरलेत तरी चालेल). किडकी फळे उकिरड्यावर फेकू नयेत, हात-दीड हात खोल पुरावीत. उकिरड्यावर पडलेल्या एका पेरूतून पुढच्या माश्यांची फौज निघते.

टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग पडतो, तो रोग नव्हे. आठ दिवस कोरडे ठेवायचे आणि मग एकदम बदाबदा पाणी द्यायचे, या सवयीने फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाणी थोडे थोडे पण नेमाने द्यावे, बुडाशी पालापाचोळा अंथरावा. पुढची फळे चांगली येतात.

पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग

जास्वंद, सीताफळ, पेरू, पपई यांच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की तो पिठ्या ढेकूण. त्याच्याकडे जाणारी मुंग्यांची रांग आधी बघावी. ढेकणाच्या अंगातून निघणारा चिकट गोड रस मुंग्या खातात आणि त्या बदल्यात त्याला खायला येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. म्हणून बुंध्याला चिंधी गुंडाळून तिला ग्रीस लावावे. मुंग्यांची वाट बंद झाली की निम्मे काम होते. पुंजक्यांचे शेंडे कापून जाळावेत. उरलेल्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारून मग लिटरला पाच ग्रॅम साध्या साबणाचे पाणी फवारावे. कपड्याची पावडर घेऊ नये, पाने करपतात. जवळपासचे गाजर गवतही उपटावे, कारण या किडीची ती धर्मशाळाच आहे.

पपईवरचा पिठ्या ढेकूण परदेशातून आला आणि २००८ साली तो प्रथम कोइमतूरकडे आढळला. दोन वर्षांत तो पुणे भागातल्या बागांतही दिसला. औषधांवर औषधे मारली तरी हटेना. त्याच्या अंगावरचे मेण औषध आत जाऊच देत नव्हते. अखेर २०१० मध्ये बंगळूरच्या कीटकशास्त्रज्ञांनी पोर्टो रिको बेटावरून असेरोफॅगस पपायी नावाची इवलीशी गांधीलमाशी आणवली. ती ढेकणाच्या पोटात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून संपवते. ती सोडल्यावर काही महिन्यांत बागा सुधारल्या. अशी माशी आपल्या परसातही येते, फक्त आपण तिला विष घालायचे नाही.

लिंबाविषयी वर पिवळेपणाचे सांगितले, पण त्याची इतरही दुखणी आहेत. पानांवर, फळांवर खरखरीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळे वलय, तो खैऱ्या. पानात पांढऱ्या नागमोडी रेघा, ती नागअळी. दोघांची जोडी आहे, नागअळीने केलेल्या जखमेतून खैऱ्याचे जिवाणू शिरतात. रोगट फांद्या पावसापूर्वी छाटून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. कोवळ्या पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखे काळेपांढरे काही दिसले तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि कढीपत्त्यावरही येते. ती हाताने वेचावी. एका झाडावर असतील दहा-पंधरा, त्यांना औषध कशाला? बुंध्यातून डिंक गळत असेल तर आळ्यातले पाणी बुंध्याला टेकते आहे. दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यात राहते. डिंक खरवडून बोर्डोचे मलम लावावे.

बोर्डो घरी करता येते. प्लॅस्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद, दुसरीत पाच लिटरमध्ये १०० ग्रॅम कळीचा चुना भिजवावा. गार झाल्यावर दोन्ही पाणी एकदमच तिसऱ्या बादलीत ओतत ढवळावे. लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मलमासाठी हीच मापे, पाणी फक्त एक लिटर. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेली केवड्यापासून वाचलेल्या मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या नजरेस आल्या आणि १८८५ साली त्याने हे मिश्रण जगापुढे मांडले. म्हणजे हाही शोध पाने बघण्यातूनच लागला.

शाळा आणि अंगणवाडीचे परस

सरपंच, मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविका यांनी हा भाग जरूर वाचावा. शाळांतल्या पोषण बागांसाठी केंद्राने २०१९ मध्ये सूचना काढल्या. उमेद अभियानातून बचत गटांच्या महिलांनीही गावोगाव पोषण परसबागा केल्या आहेत. या बागांतली भाजी थेट पोरांच्या ताटात जाते. तिथे रासायनिक कीटकनाशक नकोच. आहार शिजवण्याच्या खोलीत किंवा धान्याच्या कोठीत औषधाची बाटली, रिकामा डबा, पंप यांपैकी काहीही ठेवू देऊ नये. ग्रामपंचायतीने शाळेला एक छोटा पंप आणि चार चिकट सापळे दिले तर खर्च फारसा नाही. पिवळा रंग दिलेल्या पत्र्याला एरंडेल लावले तरी सापळा होतो.

घरच्या झाडासाठी कधी नाइलाजाने रासायनिक औषध घ्यावेच लागले, तर डब्यावरचा त्रिकोण बघावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल आणि पिवळा परसात आणू नये. त्या पिकाचे नाव डब्यावर छापलेले असेल तरच घ्यावे आणि तोडणीचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. फवारणीनंतर कोणाला घाम, लाळ, उलटी, धाप किंवा अंधारी आली, तर घरगुती उपाय करत बसू नये. अंगावरचे कपडे उतरवून, अंग धुऊन दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. त्यावरूनच डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

निदान जमलेच नाही तर एकटे पान नेऊ नका. रोगट आणि निरोगी भाग दोन्ही असलेली फांदी, जमल्यास मुळासह छोटे रोप, वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून सडते. पाणी कुठले, किती, कधीपासून त्रास आहे, हे चिठ्ठीवर लिहावे. कृषी विज्ञान केंद्रात किंवा ज्यांना आपण सवयीने कृषी सहायक म्हणतो त्यांच्याकडे ते दाखवावे.

राहिला निंबोळी अर्क. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळाव्यात, २० ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून एकूण दहा लिटर करावे. फवारणी संध्याकाळी करावी, उन्हात त्याचा गुण जातो. दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसणार नाहीत. निंबोळीने अळीची भूक मरते, वाढ खुंटते. चार-सहा दिवस थांबून पुन्हा फवारावे. जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो आणि आपण तो तुडवत जातो. त्या वेळी पोरांना गोळा करायला सांगावे, गर धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि गोणपाटाच्या पोत्यात ठेवाव्यात. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. वर्षाच्या आत वापरून टाकाव्यात. चार-पाच किलो असल्या की घरच्या परसाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतात.